घासणारे दार: आधी स्क्रू, मग पुठ्ठा, रंधा अगदी शेवटी

दार चौकटीला घासायला लागले की घरात कुणीतरी म्हणतेच, "लाकूड फुगलंय, जरा तासून घ्या." पुष्कळदा लाकूड फुगलेले नसते. दार एका बाजूने उतरलेले असते. वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल होऊन ती ४ मिमी बाहेर आली, की ८०० मिमी रुंद दाराचा कडीकडचा कोपरा साधारण २ मिमी खाली येतो, आणि घासायला तेवढे पुरते. अशा दाराला रंधा मारला तर त्या दिवशी ते सुटते. पुढे कधी स्क्रू नीट बसवले, की तासलेल्या जागी कायमची फट दिसते. काढलेले लाकूड परत लावता येत नाही. म्हणून या लेखातला क्रम पाळा: आधी कारण शोधा, मग स्क्रू, मग बिजागरीमागे पुठ्ठा, आणि हे सगळे करूनही घासत असेल तरच रंधा.

हत्यारे फार लागत नाहीत. स्क्रूच्या खाचेत घट्ट बसणारा स्क्रूड्रायव्हर, हातोडी, १८ किंवा २० मिमीची पटाशी, चपटी कानस, मोजपट्टी, पेन्सिल, ओळंबा (नसेल तर दोरीला बांधलेला जड नट चालतो), दोन लाकडी पाचरी, सुतारकामाचा पांढरा गोंद, जाड पुठ्ठा, २, ३ आणि ८ मिमीची ड्रिल बिट्स. रंधा आत्ताच आणू नका. हाताशी असला की मोह होतो.

दाराचा कल ओळखणे

पहिल्यांदा खाली बघा. नवे, जाड पायपुसणे टाकल्यापासून दार घासत असेल तर दुरुस्ती तिथेच संपली. फरशीवर चंद्रकोरीसारखा ओरखडा उमटला असेल तर तो कुठून सुरू होतो ते पाहा. दार बंद असतानाच घासत असेल तर दार उतरले आहे. अर्धे उघडल्यावर घासायला लागत असेल तर फरशीला तिथे चढ आहे किंवा चौकट ओळंब्यात नाही.

मग दार लावा आणि चारही बाजूंची फट पाहा. चांगल्या बसलेल्या दाराला वर आणि दोन्ही बाजूंना २ ते ३ मिमी फट असते आणि ती वरपासून खालपर्यंत सारखी असते. खाली ६ ते १० मिमी असली तर ठीक. पुठ्ठ्याचा २ मिमी जाडीचा तुकडा घेऊन तो फटीतून फिरवला तर कुठे अडतो ते लगेच कळते.

बिजागरीच्या बाजूची फट वर रुंद आणि खाली अरुंद, कडीच्या बाजूला वरचा कोपरा टेकलेला, असे दिसले तर वरची बिजागरी सुटली आहे. घरातल्या दारांचा सगळ्यात नेहमीचा आजार हाच. बिजागरीच्या बाजूला फटच नाही आणि दार लावताना शेवटच्या इंचाला ते उसळून परत येते, तर बिजागरी लाकडात प्रमाणाबाहेर खोल बसली आहे किंवा एखाद्या स्क्रूचे डोके वर राहून पाने (बिजागरीच्या दोन चपट्या पट्ट्या) मिटू देत नाही. बिजागरीकडची फट व्यवस्थित आहे आणि कडीच्या बाजूला दार वरपासून खालपर्यंत सारखेच घट्ट आहे, तेव्हाच "फुगले" या शब्दावर विश्वास ठेवा.

नेमका घासणारा भाग डोळ्यांना दिसत नसेल तर चौकटीच्या कडेला खडू चोळा, दार लावा, उघडा. दारावर जिथे पांढरे उमटेल ती जागा. रंगवलेल्या दारावर रंग जिथे गुळगुळीत चकाकतो किंवा उडालेला असतो तीही खूण धरावी.

शेवटची परीक्षा हाताची. दार अर्धे उघडा, कडीच्या बाजूने धरून वर उचलून पाहा आणि दुसऱ्या माणसाला वरच्या बिजागरीकडे बघायला सांगा. बिजागरीचे पान लाकडावर हलत असेल तर स्क्रू सैल आहेत. पान घट्ट आहे पण मधल्या नळ्या एकमेकींवर खेळत आहेत, तर पिन झिजली आहे आणि बिजागरीच बदलावी लागेल. चौकटच भिंतीपासून हलते आहे, कडेचा गिलावा फुटला आहे, तर दाराला हात लावण्यापूर्वी चौकट पक्की करायला हवी.

दार का उतरते

३५ मिमी जाडीचे, ८०० बाय २००० मिमीचे भरीव लाकडी दार लाकडाच्या जातीनुसार ३५ किलोच्या आसपास भरते. हे वजन बिजागरीपासून सरासरी ४०० मिमी लांब लोंबकळत असते. दोन बिजागऱ्यांमधले अंतर १५०० मिमी धरले तर वरच्या बिजागरीचे स्क्रू सतत ९ ते १० किलोच्या ओढीने चौकटीतून बाहेर खेचले जातात. खालच्या बिजागरीवर तेवढाच जोर उलट, आत दाबणारा असतो, म्हणून तिचे स्क्रू क्वचितच सुटतात.

आता याच दाराच्या कडीला धरून २० किलोचे मूल झोके घेऊ लागले तर वरच्या स्क्रूंवर आणखी १० किलोची ओढ येते, म्हणजे ओझे दुप्पट. दारामागच्या हुकांवर दप्तरे, पिशव्या, ओले कपडे अडकवले तरी हाच हिशेब लागतो, फक्त सावकाश. हुक लावायचेच असतील तर बिजागरीच्या बाजूला लावा. वजन तेच राहते, ओढ खूप कमी होते. मुलांना दारावर लटकू नका असे नुसते ओरडून सांगण्यापेक्षा त्यांना ढिला स्क्रू दाखवावा, हाताने हलवू द्यावा. कारण दिसले की ती ऐकतात.

स्क्रू आणि स्क्रूची भोके

दार उघडे ठेवून कडीच्या बाजूला खाली दोन पाचरी सरकवा. दार उचलायचे नाही, फक्त त्याचा भार पाचरींवर यावा एवढेच. मग वरच्या बिजागरीचा प्रत्येक स्क्रू हाताने आवळून बघा. ड्रिलने आवळू नका, कारण धरलेला स्क्रू आणि नुसता फिरणारा स्क्रू यांतला फरक हातालाच कळतो.

आवळल्यावर स्क्रू थांबला आणि घट्ट बसला तर उत्तम. फिरतच राहिला तर भोकातले लाकूड झिजले आहे. तो कितीही आवळला तरी आठवड्यात परत सैल होईल. अशा भोकाचे तीन उपाय आहेत आणि ते टिकाऊपणाच्या चढत्या क्रमाने असे.

काडेपेटीतल्या काड्या हा सगळ्यात सोपा. गुल काढून टाकलेल्या काड्या गोंदात बुडवून भोकात ठोकून भरा, बाहेरचा भाग पटाशीने सपाट कापा, मधोमध बारीक भोक पाडून स्क्रू घाला. हलक्या आतल्या दाराला हे चालते. पण काडीचे लाकूड मऊ असते. जड दाराच्या वरच्या बिजागरीला हा उपाय काही महिनेच टिकतो. बांबूच्या किंवा कठीण लाकडाच्या चिपा त्यापेक्षा बऱ्या.

दुसरा, लांब स्क्रू. जुना स्क्रू २५ मिमीचा असेल तर त्याच जाडीचा ५० मिमीचा घाला. तो झिजलेल्या भागाच्या पलीकडे जाऊन ताजे लाकूड धरतो. आधी चौकटीच्या लाकडाची जाडी मोजा. स्क्रू त्यातून पलीकडे विटेवर जाऊन टेकला तर आवळताना लाकूडच फाटते. स्क्रूचे डोके बिजागरीच्या वाटीत पूर्ण बुडते ना हेही पाहा. दुकानात लांब स्क्रू घेताना जाडही घेतला जातो, मग डोके वर राहते आणि दार उसळायला लागते. एक दोष घालवून दुसरा आणला, असे होते.

तिसरा, खुंटी. स्क्रू काढा, ८ मिमीचे भोक ३० मिमी खोल पाडा (बिटला ३० मिमीवर चिकटपट्टी गुंडाळली की खोली चुकत नाही), भोकात आणि कठीण लाकडाच्या ८ मिमी गोल खुंटीवर गोंद लावा, खुंटी ठोकून बसवा, दुसऱ्या दिवशी सपाट कापा. खुंटीच्या धाग्यांच्या दिशेने आत जाणारा स्क्रू आडव्या धाग्यात जाणाऱ्या स्क्रूइतका पकडत नाही. म्हणून खुंटी बसवल्यावरही स्क्रू आधीपेक्षा १० ते १५ मिमी लांब घ्यावा, म्हणजे टोक खुंटीच्या पलीकडे मूळ लाकडात जाते.

बारीक भोक पाडल्याशिवाय स्क्रू घालू नका. ४ मिमी जाडीच्या स्क्रूला कठीण लाकडात ३ मिमी, मऊ लाकडात २ ते २.५ मिमी भोक पुरते. भोक अगदी मधोमध हवे. १ मिमी बाजूला गेले तर स्क्रू तिरका जातो आणि डोक्याची एक कड वर राहते. स्क्रूला मेणबत्तीचे मेण चोळा. साबण चोळण्याची जुनी सवय सोडावी, कारण साबण ओल धरतो आणि लोखंडी स्क्रू गंजतो. पितळी स्क्रू वापरायचा असेल तर आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू घालून आटे पाडून घ्या. पितळ मऊ असते, कठीण लाकडात मान मोडते आणि मोडलेला अर्धा भाग काढणे हे दाराच्या सगळ्या कामांतले सर्वांत कंटाळवाणे काम आहे.

एका वेळी एकच स्क्रू काढायचा, दुरुस्त करायचा, परत लावायचा, मग पुढचा. सगळे एकदम काढले की दार हलते आणि जागा चुकते. गोंद पूर्ण पकडायला २४ तास लागतात. तेवढा वेळ पाचरी काढू नका आणि दार वापरू नका. ते शौचालयाचे दार असेल तर घरात सगळ्यांना आधी सांगून ठेवा आणि तात्पुरता पडदा लावा.

जुना स्क्रू निघत नसेल तर? खाचेतला रंग टोकदार खिळ्याने खरवडून काढा. स्क्रूड्रायव्हर खाचेत बसवून त्याच्या मुठीवर हातोडीचे दोन ठोके द्या. मग आधी थोडा आवळा आणि नंतर सोडवा. आवळल्याने गंजाची पकड तुटते. सरळ सोडवायला गेलात तर खाच गोल होते.

बिजागरीमागचा पुठ्ठा

स्क्रू घट्ट झाल्यावर बहुतेक दारे नीट होतात. राहिलेल्यांसाठी पुठ्ठा.

दार फरशीला कडीच्या कोपऱ्यात घासते आहे, पण कडीच्या बाजूला खाली फट भरपूर आहे, असे असेल तर खालच्या बिजागरीचे चौकटीवरचे पान सोडवा, मागे पुठ्ठ्याचा तुकडा घाला आणि परत आवळा. यात दाराचा खालचा भाग कडीकडे सरकतो आणि कडीकडची पूर्ण बाजू वर उचलली जाते. हिशेब सोपा आहे: बिजागऱ्यांत १५०० मिमी अंतर आणि दाराची रुंदी ८०० मिमी असेल तर १ मिमी पुठ्ठ्याने कोपरा सुमारे अर्धा मिमी वर येतो, आणि खालची कडीकडची फट १ मिमीहून किंचित जास्त कमी होते. म्हणजे २ मिमी उचलायला ४ मिमी पुठ्ठा लागेल आणि तेवढी फट बहुधा नसतेच. पुठ्ठ्याने १ मिमीपर्यंत काम करावे, त्यापुढे नाही.

याउलट वरचा कोपरा कडीच्या खांबाला घासतो आणि बिजागरीकडे वरच्या बाजूला फट जास्त आहे, तर वरच्या बिजागरीचे घर (पान बसते ती खाच) पटाशीने थोडे खोल करावे लागते. अर्धा ते १ मिमी बस. पान सोडवा, घराची कड पटाशीने उभी कापून घ्या, मग सपाट धरून कागदासारख्या साली काढा. दर दोन सालींनंतर पान ठेवून बघा.

दार उसळून परत येत असेल तर दोन्ही बिजागऱ्यांचे घर खोल आहे. दोन्हीमागे सारख्याच जाडीचा पुठ्ठा घाला. त्याआधी स्क्रूंची डोकी तपासा. एक वर आलेले डोकेही हाच दोष दाखवते आणि ते नीट करायला दोन मिनिटे लागतात.

पुठ्ठा पानाच्या मापाचाच कापा, स्क्रूंच्या जागी भोके पाडा. ओलसर जागी, न्हाणीघराच्या दाराला, पुठ्ठा कुजतो. तिथे जुन्या प्लास्टिकच्या डब्याचे झाकण कापून वापरा.

जड दाराला दोनच बिजागऱ्या असतील तर तिसरी १०० मिमीची बिजागरी लावणे हा सगळ्यात फायद्याचा बदल. ती कुठे लावायची यावर मतभेद आहेत. मधोमध लावली तर दार वाकत नाही, वरच्या बिजागरीखाली २०० ते २५० मिमीवर लावली तर ओढ वाटली जाते. जे दार उतरते आहे त्याला दुसरी जागा योग्य. तिन्ही पिना एका रेषेत हव्यात. दोरी ताणून बघा. २ मिमीचा फरक राहिला तरी बिजागऱ्या एकमेकींशी भांडतात आणि दार कुरकुरते.

लाकूड खरेच फुगले असेल तर

लाकूड हवेतली ओल घेते आणि फुगते, पण सगळ्या दिशांनी सारखे नाही. धाग्यांच्या लांबीच्या दिशेने ते जवळजवळ वाढतच नाही. रुंदीत वाढते, आणि खोडाच्या वर्तुळांना स्पर्श करून कापलेली फळी मध्याकडून कापलेल्या फळीच्या जवळपास दुप्पट वाढते. १०० मिमी रुंद फळीत ओलाव्याचे प्रमाण एका टक्क्याने वाढले तर साधारण पाव मिमी रुंदी वाढते असे धरून चालावे. कोरड्या आणि दमट दिवसांत ४ टक्क्यांचा फरक पडला तर तीच फळी १ मिमी वाढते.

पॅनलच्या दारात रुंदी वाढवणाऱ्या दोन उभ्या पट्ट्या असतात. आडव्या पट्ट्यांचे धागे आडवे असल्याने त्या लांबीत वाढत नाहीत आणि पॅनल आपापल्या खाचेत मोकळे असते. दोन पट्ट्यांचे मिळून २ मिमी. म्हणजे २ ते ३ मिमीची फट दमट दिवसांत जवळजवळ भरून निघते, आणि ती नेमकी तेवढी ठेवलेली असते ती याचसाठी. फळ्या शेजारी शेजारी ठोकून केलेल्या दारात मात्र पूर्ण ८०० मिमी रुंदी वाढू पाहते, ८ मिमीपर्यंत. म्हणून अशा दारांच्या फळ्यांत मुद्दाम फटी ठेवतात. त्या लांबी (पुट्टी) भरून बुजवू नका.

प्लायची दारे फार कमी हलतात. पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ पाण्याने फुगले तर ते परत बसत नाही. फुगलेला भाग कापून पट्टी लावणे किंवा दार बदलणे, एवढेच उरते. प्लास्टिकची दारे फुगत नाहीत. ती घासली तर दोष बहुधा बिजागरीत.

ऐन दमट दिवसांत पूर्ण फट मिळेपर्यंत दार तासले तर कोरड्या दिवसांत ते खडखडते आणि लॅच पकडत नाही. म्हणून दमट दिवसांत फक्त सुटेल इतके, १ मिमीच्या आत काढा. जमत असेल तर घासणाऱ्या जागी मेण चोळून दिवस काढा आणि कोरड्या दिवसांत परत मोजा. तेव्हा फट आपोआप आली असेल तर काम लाकडाचे नसून रंगाचे आहे. दाराच्या वरच्या आणि खालच्या कडा उघड्या राहिल्या असतील तर ओल तिथून आत जाते. लाकडाचे आडवे कापलेले टोक सपाट बाजूपेक्षा कितीतरी पटीने पाणी शोषते. खालची कड दिसत नाही म्हणून रंगवणाराही ती सोडून देतो. दाराखाली आरसा सरकवून बघा.

दार अचानक, एका ऋतूतच, एकाच जागी घट्ट झाले असेल तर वेगळी शंका घ्या. चौकटीच्या तळाशी स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबा. ते सहज आत गेले तर लाकूड कुजले आहे, पाणी कुठून येते ते आधी शोधावे लागेल. बोटाने ठोकल्यावर पोकळ आवाज आला, मातीच्या बारीक नळ्या दिसल्या, तर वाळवी. अशा दाराला रंधा मारून काही मिळत नाही, आधी वाळवीचा बंदोबस्त करावा लागतो.

रंधा मारायचाच तर

दार एकट्याने काढू नका. खाली पाचरी लावा, एकाने धरून ठेवावे, दुसऱ्याने आधी खालची बिजागरी सोडवावी आणि वरची शेवटी. उलट केले तर दार खालच्या बिजागरीवर कलंडते, स्क्रू लाकूड फाडून बाहेर येतात आणि पायावर पडते ते वेगळेच. स्क्रू वाटीत ठेवा आणि मोजा. रांगणारे मूल घरात असेल तर ती वाटी उंचावर हवी.

दार काढण्यापूर्वीच, ते बंद असताना, पेन्सिलने रेघ मारून घ्या: चौकटीपासून २.५ मिमी आत. काढल्यावर अंदाज चुकतो.

कुठली कड तासायची? फक्त वरचा कोपरा घासत असेल तर कडीच्या बाजूचा तेवढाच भाग. पूर्ण लांबी काढायची असेल तर बिजागरीची बाजू तासावी हे बरे. कडीच्या बाजूला कुलूप, लॅच, त्यांची पट्टी असते. ते सगळे काढून परत खोल बसवावे लागते. बिजागरीकडे फक्त दोन-तीन घरे खोल करायची असतात.

दार आडवे, कडेवर उभे धरून खोक्यांमध्ये किंवा कोपऱ्यात पक्के करा. कडेवरचा जुना रंग आधी खरवडून काढा, नाहीतर पाते चार झटक्यांत बोथट होते. घर जुने असेल तर त्या रंगात शिसे असू शकते. कोरडा काचपेपर मारून त्याची धूळ घरभर करू नका. ओला काचपेपर वापरा, खाली प्लास्टिक अंथरा, ओल्या फडक्याने पुसून घ्या, आणि लहान मुले व गरोदर स्त्रिया त्या खोलीत नसाव्यात.

पाते धारदार आणि अगदी थोडेच बाहेर ठेवा. साल पारदर्शक निघायला हवी. धाग्याच्या चढाच्या दिशेने चाला. लाकूड उचकटायला लागले तर दिशा बदला. वरची किंवा खालची कड तासताना एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत रंधा नेऊ नका. शेवटी उभ्या पट्टीचे कापलेले टोक फाटून ढलपी निघते. दोन्ही टोकांकडून मध्याकडे या. कडीच्या बाजूची कड काटकोनात न ठेवता चौकटीत शिरणारी बाजू १ ते १.५ मिमी जास्त उतरती ठेवा, म्हणजे दार फिरताना तो कोपरा अडत नाही आणि समोरून फट बारीकच दिसते.

प्लायच्या दाराच्या कडेला भरीव लाकडाची पट्टी असते. ती किती रुंद आहे ते वरच्या कडेवरून मोजा. ३ मिमीपेक्षा जास्त काढायची वेळ आली तर थांबा. पट्टी पातळ झाली की स्क्रूंना धरायला काही उरत नाही.

तासल्यावर त्याच दिवशी कडेला प्रायमर किंवा व्हार्निश लावा, दोन हात, आणि दार खाली आहे तोवर वरची आणि खालची कडही. हे काम उद्यावर टाकले तर उघड्या लाकडाने ओल घेतलेली असते आणि महिनाभरात दार परत घट्ट होते. टांगताना उलट क्रम: वरची बिजागरी आधी, प्रत्येकी एक स्क्रू, मग खालची, मग दार फिरवून बघा, मग बाकीचे.

लॅच, खडखड, कुरकुर

दार जागेवर आले की पुष्कळदा लॅच पकडेनासे होते, कारण चौकटीवरची पट्टी आधीच्या उतरलेल्या दारासाठी कुणीतरी खाली सरकवलेली असते. जिभेच्या टोकाला खडू लावून दार लावा, पट्टीवरची खूण पाहा. १ ते २ मिमीचा फरक कानशीने काढा. जास्त असेल तर पट्टी सरकवा आणि जुनी भोके खुंटी घालून बुजवा, नाहीतर नवा स्क्रू जुन्या भोकात घसरतो. ही चाचणी करताना आत माणूस आणि बाहेर कुणीच नाही असे करू नका. आधी दार उघडे ठेवून मूठ फिरवून पाहा, आणि पहिल्यांदा लावताना स्क्रूड्रायव्हर आतल्या माणसाच्या हातात हवा.

बंद दार वाऱ्याने खडखडत असेल तर पट्टी दार टेकते त्या खाचेकडे १ मिमी सरकवा, किंवा खाचेत रबराची पातळ पट्टी चिकटवा. दार आपोआप उघडत किंवा मिटत असेल तर बिजागरीकडचा खांब ओळंब्यात नाही. पिन निघणारी बिजागरी असेल तर मधली पिन काढून दोन लाकडांवर टेकवा, मध्यावर हातोडीचा एक हलका ठोका द्या आणि परत घाला. किंचित बाकामुळे घर्षण वाढते आणि दार सोडाल तिथे थांबते.

कुरकुरीला खाण्याचे तेल घालू नका. चार दिवस गप्प बसते, मग चिकट होऊन धूळ धरते. पिन काढून बारीक काचपेपरने गंज घासा, पुसा, पेट्रोलियम जेली लावा. पिना एकेक करूनच काढाव्यात.

मुलांची बोटे चेंगरतात ती बहुधा कडीच्या बाजूला नाही, बिजागरीच्या बाजूला. तिथे दाराची ताकद कित्येक पटींनी वाढते. दुरुस्तीनंतर हलके फिरणारे दार वाऱ्याने जोरात आपटते, हे आधी घट्ट दाराची सवय असलेल्या घरात कुणाच्या लक्षात येत नाही. त्याच दिवशी दाराला अडणी लावा. आणि महिन्याने वरच्या बिजागरीचे स्क्रू एकदा हाताने तपासा. नवी खुंटी बसताना पाव फेरा सैल पडणे नेहमीचे आहे.